खंडेनवमी आणि न दिसणारं मशीन

झेंडू आला की लोकांना देवी आठवते. मला रॉकेल आठवतं. नवरात्र लागलं की चिखलीच्या चौकात टेम्पो उभे राहतात, पोती पालथी होतात, रस्त्याच्या कडेला पिवळ्या-केशरी राशी पडतात आणि बायका चवड्यांवर बसून भाव करायला लागतात. मी सायकल हातात धरून बाजूनं जातो आणि नाकात रॉकेलचा वास भरतो. आमच्या कारखान्याच्या शॉपमध्ये खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारनंतर काम थांबायचं. मग रॉकेलच्या डब्यात चिंध्या बुचकळून आम्ही मशिनी पुसायला बसायचो. वर्षभराचं काळं तेल, लोखंडाचा बुरा, कूलंटचा आंबूस थर. पुसता पुसता खालचा रंग वर यायचा आणि कुणीतरी दरवर्षी म्हणायचंच, "आयला, ही हिरवी होती होय!"

दुसऱ्या दिवशी हळद-कुंकू, नारळ, प्रेस मशीनच्या अंगावर खडूनं स्वस्तिक, आणि मग हार. हाराच्या बाबतीत आमचे फोरमन अण्णा फार कडक होते. मेन स्विच खाली ओढलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते कुणाला हाराला हात लावू देत नसत. म्हणायचे, "चालू मशीनला हार घालायचा नाही. आधी फूल अडकेल, मग सुतळी अडकेल, मग तू अडकशील." मी मेंटेनन्सचा फिटर. नोकरीभर हे ऐकलं, आणि अण्णा रिटायर झाल्यावर नव्या लोकांना माझ्या तोंडानं ऐकवलं. मागच्या वर्षी याच शिकवणीनं मला पुरतं गोत्यात आणलं, ते पुढं येईलच.

हा ऋतू विचित्र असतो. पाऊस गेलेला, थंडी आलेली नाही. दुपारी पत्रा तापतो, संध्याकाळी अंगावर काटा येतो. हवेत धूळ, आरतीचा कापूर आणि चाकणकडून येणाऱ्या गाड्यांचा धूर. मला पूर्वी हा ऋतू कधी जाणवलाच नाही. शिफ्टमधल्या माणसाला ऋतू नसतो, फर्स्ट, सेकंड आणि थर्ड असते. ऋतू माझ्या बायकोला कळायचे. शालन म्हणायची, "आज वारा फिरला, गोधड्या उन्हात घालते." मी म्हणायचो, घाल.

शालन मागच्या वर्षी श्रावणात गेली. झोपेत शांतपणे गेली असं नातेवाईक सांगतात. तशी नाही गेली. दवाखान्यात गेली, त्रास होऊन गेली. गोड करून सांगायची मला सवय नाही आणि तिलाही आवडलं नसतं.

आमचं घर चिंचवडच्या कामगार कॉलनीत, एका बैठ्या ओळीतलं. पाणी एक दिवसाआड. येण्याची वेळ कागदावर ठरलेली, नळाला मात्र ती माहीत नाही. ओळीत सगळ्यात आधी नळाचा आवाज शालनला ऐकू यायचा. ती तशीच उठायची आणि दारोदार कड्या वाजवत जायची. पाणी आलं, पाणी आलं. ही तिची ड्यूटी कुणी लावलेली नव्हती. ती गेल्यावरच्या आठवड्यात पाणी आलं आणि गेलं, अर्धी ओळ कोरडी राहिली. मी घरात जागाच होतो. नळ फुसफुसताना मला ऐकू आला होता. मी उठलो नाही. उठून करायचं काय, असं झालं होतं.

माझा मुलगा महेश आणि सून अश्विनी रावेतला राहतात, उंच इमारतीत. दोघंही कंपन्यांमध्ये चांगल्या कामावर. महेश म्हणाला, "बाबा, इथं एकटे कशाला? घर भाड्यानं देऊ. तुम्ही आमच्याकडं चला." मी काही दिवस राहून आलो. माणसं सोन्यासारखी, खाण्यापिण्याची आबाळ नाही. गॅलरीतून एक्स्प्रेस वे दिसतो. मी खुर्ची टाकून गाड्या बघत बसायचो. सगळ्या कुठंतरी चाललेल्या. पाहुण्याला काम नसतं हो, आणि मी त्या घरात पाहुणा होतो. परत आलो तेव्हा सोडायला आलेल्या महेशनं सरळ विचारलं, "इथं राहून तुम्ही करणार काय?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हणालो, "दसऱ्यापर्यंत थांब. काही नाही सापडलं तर मीच कुलूप लावून येतो."

"दसऱ्यापर्यंत," तो म्हणाला. घराची जादा किल्ली त्यानं खिळ्यावरून काढून खिशात घातली. भाडेकरूंना घर दाखवायला लागणार होती. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता, पण खिळा रिकामा दिसायला लागला. माणूस गेल्यावर घरात रिकाम्या गोष्टींची आधीच गर्दी असते. त्यात एक भर.

मग मी कुरुळीला गेलो, धोंडीबाकडं. धोंडीबा माझ्याबरोबर शॉपमध्ये होता, मूळचा कुरुळीचा. चाकणच्या कंपन्या आल्या तशा त्यानं घराच्या मागं कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या काढल्या आणि एका बाजूला पत्र्याचं शेड घालून लेथवर जॉबवर्क सुरू केलं. संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसलं की शिफ्ट सुटलेली पोरं बाइकवरून येतात, ओळीनं कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात, कुणी लातूरकडचं, कुणी कोकणातलं, प्रत्येक दारातून वेगळ्या फोडणीचा वास. शालनला या खोल्यांचं फार वेड होतं. "आपण पण चार खोल्या काढू हो. भाडेकरू असले की घर जागं राहतं." आमच्याकडं जागाच नव्हती, काढणार कुठं?

धोंडीबा त्या दिवशी कावलेला होता.

"अरं, त्यो वेबसाइटवाला पळाला."

"पळाला म्हणजे?"

"म्हंजी फोन लागत न्हाई. चाकणच्या एका सायबानं मोबाईलवर आमच्या शेडचं नाव टाकलं, तर कोरं पान. त्येला वाटलं आमी धंदाच सोडला. काम दुसऱ्याला देऊन मोकळा."

"पान बंद पडलं हे तुला कधी कळलं?"

"त्यानं सांगितलं तवा."

"म्हणजे चालू आहे की बंद, हे बघणारा माणूसच नाही?"

"कोन बघनार राव? मी लेथ बघू का त्ये बघू?"

मी चहाचा कप खाली ठेवला. चालू आहे की बंद, हे बघणं. यावर तर माझं घर चाललं, पोरगं शिकलं. सकाळी शॉपमध्ये शिरलं की आधी राउंड. प्रत्येक मशीनपाशी उभं राहायचं, कान द्यायचा, हात ठेवायचा. बिघाड ओरडण्याआधी कुजबुजतो, तेवढं ऐकायचं.

"धोंड्या, ते मी बघतो," मी म्हणालो.

"तुला काय येतंय त्यातलं?"

"काही नाही."

"मंग?"

"मग शिकतो. तुझं पान पहिलं."

"शालनवैनी असत्या तर हसल्या असत्या," तो म्हणाला. खरं होतं. पोट धरून हसली असती, आणि मग म्हणाली असती, करा.

रविवारी अश्विनीनं मला समजावून सांगितलं. मी सातवी शिकलेला, त्यातली सहावी दोनदा. ती पोरगी मात्र कंटाळली नाही. म्हणाली, "बाबा, वेबसाइट म्हणजे खोलीतलं सामान. तिचं नाव म्हणजे दारावरची पाटी. आणि होस्टिंग म्हणजे ती खोली."

"आणि चाळ कुणाची?"

"मोठ्या कंपनीची. तिचा एक मजला तुम्ही भाड्यानं घ्यायचा आणि खोल्या पाडून लोकांना द्यायच्या."

"एवढंच?"

"एवढंच नाही. पण सुरुवात एवढीच."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. चार खोल्या काढू, शालन म्हणायची. जागा लागतच नव्हती की.

महेश पलीकडून म्हणाला, "बाबा, तुम्हाला मेल उघडता येत नाही!"

"मी कामाला लागलो तेव्हा मला प्रेसचं झाकण उघडता येत नव्हतं," मी म्हणालो. "पुढं ती मी अख्खी उघडून परत जोडली. एकही बोल्ट उरला नाही."

त्यानं मला त्याचा जुना लॅपटॉप दिला. टेबलावर ठेवताना म्हणाला, "दसऱ्यापर्यंत हं." मी म्हणालो, आठवण आहे.

नाव घेतलं, मजला घेतला, आणि त्या मोठ्या कंपनीच्या मदतीच्या फोनवर मी मुक्कामच ठोकला. तिथल्या मुली हिंदीत बोलायच्या. थोड्याच दिवसांत माझा आवाज सगळ्यांना पाठ. मी नुसतं हॅलो म्हणालो की, "हाँ काका, आज क्या हुआ?" मी कधी येतंय असं दाखवलं नाही. सरळ सांगायचो, मुझे कुछ नहीं आता, एकेक करके बताओ. धंदा सुरू करणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन. येत नाही म्हणायला लाज वाटत नसेल तर जगातला अर्धा माणूस तुम्हाला शिकवायला तयार असतो. उरलेला अर्धा हसतो. हसू दे, दात त्याचे आहेत.

धोंडीबाचं पान उभं राहिलं. त्याचं बघून क्रेनवाला आला, ज्याची गाडी नाशिक रोडला बंद पडलेले ट्रक ओढते. निगडीचे एक क्लासवाले सर आले. तळेगाव दाभाड्याच्या वैजयंता आल्या. त्या घरी चक्का बांधून श्रीखंड करतात आणि ऑर्डर पानावर घेतात. मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली. ही पानं ज्यावर चालतात ते मशीन माझं नाही, मला त्यातलं फार कळत नाही, पण तुमचं पान बंद पडलं तर ते तुमच्याआधी मला कळेल.

आणि कळायचं. सकाळी आंघोळ, शालनच्या फोटोपुढं दिवा, नवं फूल, आणि मग मोबाईल घेऊन राउंड. एकेक पान उघडून बघायचं. गुरुवारी एमआयडीसीच्या सुट्टीला आमच्याकडं लाईट जाते, म्हणून लॅपटॉप आदल्या दिवशीच भरून ठेवायचा. कुठं काही अडलं तर मदतीच्या फोनवर जायचं आणि लगेच गिऱ्हाइकाला कळवायचं. क्रेनवाला पहिल्यांदा दचकलाच. "काका, मी तर अजून बघितलंच नव्हतं!" म्हणालो, "म्हणून तर मी बघतो." त्या मागच्या नवरात्रात सकाळचं ऊन ओट्यावर यायचं, समोरच्या घरी घटातलं धान उगवून पिवळं होत चाललं होतं, आणि माझ्या हातात परत काम होतं. दुःख कमी झालं असं नाही. दुःखाला बसायला दुसरी खुर्ची मिळाली, एवढंच.

मग खंडेनवमी आली.

माणूस हत्यारावर पोट भरतो तर वर्षातून एक दिवस हत्याराला विश्रांती. ती न देणारा माणूस मला माणूसच वाटत नाही. आता माझंही मशीन होतं. पण कुठं? मी मदतीच्या फोनवर विचारलं, "वो मशीन की पूजा होती है क्या उधर?"

मुलगी हसली, वाईट नाही हसली. "काका, सर्व्हर है. वो कभी बंद नहीं होता."

"एक दिन भी नहीं?"

"एक मिनट भी नहीं."

मला ते बरं वाटलं नाही. कुठल्या तरी लांबच्या इमारतीत, न पुसलेलं, न पुजलेलं, दिवसरात्र घरघरणारं ते मशीन माझ्या डोळ्यांपुढं येत राहिलं. त्याच्या जिवावर आपण खातो. ते अख्खं थांबवणं माझ्या हातात नव्हतं. पण माझा मजला माझ्या हातात होता. गिऱ्हाइकाच्या नावापुढं थांबवायचं बटण असतं. भाडं थकलं तर वापरायचं. नवमीच्या सकाळी मी एकेकाचं नाव मोठ्यानं घेतलं आणि एकेक बटण दाबलं. धोंडीबा, थांब. क्रेन, थांब. सर, थांबा. वैजयंता, थांबा. अण्णांची शिकवण. स्विच खाली, मगच हार.

लॅपटॉप बंद करून कोरड्या फडक्यानं पुसला. रॉकेल वापरायचं नाही, अश्विनीनं बजावलं होतं. पाटावर लाल कापड घातलं, वर लॅपटॉप, शेजारी माझा कंपनीतला जुना पाना, आणि मोबाईल. तोही हत्यारच, म्हणून तोही बंद. हळद, कुंकू, नारळ, झेंडूचा जाड हार. अगरबत्तीचा धूर सरळ वर गेला. महेश आणि अश्विनी जेवायला येणार होते, म्हणून शिरा केला, तो खाली लागला. मग खुर्चीत टेकलो आणि चक्क डोळा लागला. श्रावणानंतर इतकं स्वस्थ वाटलं नव्हतं. आपण सगळं रीतीनं केलं, असं वाटत होतं.

दार कुणीतरी धडाधडा वाजवलं.

"काका! आहात का गेलात?"

दारात वैजयंता, डोक्यावर हेल्मेट तसंच. शालनच्या हार घातलेल्या फोटोकडं त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी जीभ चावली. पण राग काही उतरला नव्हता.

"सकाळपासून माझं पान बंद. तुमचा फोन बंद. आज नवमी आहे काका! वर्षभर मी या एका दिवसाची वाट बघते. घरात चक्का टांगायला जागा नाही, मी न्हाणीतल्या नळाला गाठोडी बांधलीत. माणसं बिनआंघोळीची बसलीत! आणि ऑर्डर एक नाही!"

"बंद मीच केलंय," मी म्हणालो.

"काय?"

"खंडेनवमी आहे. मशीन बंद ठेवतात."

त्यांनी पाटाकडं बघितलं. लॅपटॉपवर झेंडूचा हार, मोबाईलला कुंकू. हेल्मेटच्या आतून आवाज आला, "सगळ्यांची बंद केलीत?"

"सगळ्यांची. दुजाभाव केला नाही."

त्या मटकन माझ्या खुर्चीत बसल्या. हसावं का रडावं ते त्यांना कळेना, आणि त्याच वेळी मागं महेश आणि अश्विनी येऊन उभे राहिले. महेशनं पाट बघितला, वैजयंतांचं तोंड बघितलं, आणि त्याला सगळं समजलं. त्याचा हात खिशात गेला आणि खिशात किल्ली वाजली. मला वाटलं, झालं. दसरा उद्यावर आणि आपण आजच हरलो.

अश्विनीनं हार उचलला, लॅपटॉप उघडला आणि बटणांपर्यंत नेऊन दिला. पुढं होऊन ती दाबणार तेवढ्यात मी म्हणालो, "बाजूला सर. बंद मी केलंय, चालू मी करणार." एकेक नाव घेतलं. पानं परत उभी राहिली.

"आता काय उपयोग?" वैजयंता म्हणाल्या. "दुपार झाली. लोकांनी दुसरीकडं सांगितलं असणार. आंबट होऊन जाईल सगळं."

"बरोबर काय आणलंय?"

"दाखवायला डबा आहे गाडीवर. का?"

"चला," मी म्हणालो.

ओळीतल्या पहिल्या दारापाशी मी उभा राहिलो आणि माझा हात वर जाईना. श्रावणापासून मी या दारांवरून मान खाली घालून जात होतो. या कड्या शालनच्या. ती कडी वाजवायची तेव्हा आधी बांगड्या वाजायच्या, मग कडी. तो आवाज त्या लाकडात अजून असल्यासारखा वाटला. मागं वैजयंता डबा घेऊन, त्यांच्या मागं अश्विनी, ओळीच्या टोकाला महेश. सगळे माझ्या हाताकडं बघताहेत.

वाजवली.

आतून पळतच बाई आली, हातात रिकामी कळशी. "भावजी! पाणी आलं?"

"पाणी नाही वहिनी," मी म्हणालो. "श्रीखंड आलंय."

ती कळशी घेऊन तशीच उभी. मग जी हसत सुटली! "अहो, मला वाटलं..." म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. काय वाटलं ते मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं की मला माहीत आहे. तिनं चमचाभर हातावर घेऊन चाखलं आणि म्हणाली, "दोन किलो सांगा. उद्या आमचे जावई येताहेत."

दुसरं दार. "पाणी आलं?" तिसरं दार. "थांबा, बादली लावते!" अख्ख्या ओळीत असंच. या दारांवर अशी कडी वाजली तर तिचा अर्थ एकच होता आणि तो माझ्या बायकोनं शिकवून ठेवला होता. अश्विनी मोबाईलवर नावं टिपत होती, वैजयंतांनी हेल्मेट काढून काखेत मारलं होतं आणि त्या आता स्वतःच पुढं होऊन वेलचीचं आणि केशराचं सांगत होत्या. आमची ओळ झाली, मागची ओळ झाली. मंडळाच्या मांडवातल्या पोरांनी महाप्रसादाला सांगितलं.

शेवटच्या घरात एक आजी एकट्या राहतात. त्यांनी श्रीखंडाकडं बघितलंसुद्धा नाही. माझा हात धरला. "शालन गेल्यापासून माझी टाकी भरत नाही रे. मला ऐकू येत नाही, ती येऊन सांगायची."

मी मान हलवली. परत येताना माझी चाल मंदावली तशी अश्विनी माझ्याबरोबर हळू झाली.

महेशनं गाडी काढली आणि तळेगावच्या खेपा सुरू केल्या. तो चांगला मोठा साहेब आहे, पण त्या दिवशी डिकीत आणि मागच्या सीटवर डबेच डबे, आणि गाडीला वेलचीचा वास. तो वास दिवाळीपर्यंत गेला नाही म्हणे. दिवेलागणीला वैजयंतांचा फोन आला. "काका, नळ मोकळा झाला. माणसं आंघोळीला बसली."

मग मी बाकीच्यांना फोन लावले आणि जे केलं ते सांगितलं. धोंडीबा म्हणाला, "बरं केलंस. आमची लेथबी बंदच हुती." क्रेनवाला म्हणाला, "काका, पुढच्या वेळी आधी सांगा, मीपण नारळ घेऊन येतो." क्लासवाले सर ऐकून घेऊन शांतपणे म्हणाले, मला हे परवडणार नाही. ते गेले. बरोबर केलं त्यांनी. मी त्यांच्या जागी असतो तर मीपण गेलो असतो.

दसऱ्याला संध्याकाळी महेश आला. आपट्याची पानं हातात दिली, पायाला हात लावला. "सोनं घ्या बाबा." पानं जड लागली. उघडून बघितलं तर मध्ये किल्ली.

"भाडेकरू मिळाला का?" मी विचारलं.

"मिळाला," तो म्हणाला. "म्हातारा आहे. जागा सोडायला तयार नाही."

मी किल्ली खिळ्याला अडकवली. तो आईच्या फोटोसमोर बसला आणि म्हणाला, "आई असती तर काल कसली हसली असती." मी म्हणालो, "हसली असती आणि सगळ्यात आधी तीच कड्या वाजवत गेली असती." मग आम्ही दोघांनी खाली लागलेला शिरा संपवला. आदल्या दिवशीचा, करपट. चांगला लागला.

तेव्हापासून पाणी आलं की ओळीत कड्या मी वाजवतो. माझ्या हातात बांगड्या नाहीत म्हणून लोक म्हणतात, तुमचा आवाज बोजड येतो. येईना का. टाक्या भरतात ना? आजींच्या दारात मी आत जाऊन नळच सोडून येतो. मग घरी येऊन दुसरा राउंड, मोबाईलवरचा. माझ्या खोल्या आता बऱ्याच वाढल्यात. कुरुळीतले, चाकणचे, तळेगावचे भाडेकरू. एकाही खोलीला भिंत नाही, पण सकाळी मी डोकावलो नाही अशी एक नाही. घर जागं राहतं.

आज पुन्हा खंडेनवमी. सकाळीच वैजयंतांचा फोन. "काका, यंदा पूजा आहे का?"

"आहे."

पलीकडं पातेलं आपटल्याचा आवाज आला.

"चालू ठेवून आहे," मी म्हणालो. "चक्का टांगा."

पाट मांडलाय. लॅपटॉप उघडा, पडद्यावर उजेड, कडेला कुंकवाचं बोट. जुन्या पान्याला हार. महेश नारळ सोलतोय. अश्विनी तबक घेऊन आली आणि पाटासमोर घुटमळली.

"बाबा, यातलं खरं मशीन कुठलं? पूजा कुणाची करायची?"

"ते लांब आहे. त्याला इथूनच नमस्कार."

"मला नाही वाटत लांब आहे," ती म्हणाली आणि माझ्याच कपाळाला कुंकू लावलं. महेश हसायला लागला. तिनं तबकातला उरलेला हार उचलला आणि माझ्या गळ्यापर्यंत आणला.

मी तिचा हात धरला. शालनच्या फोटोकडं बोट केलं.

"हार तिला घाल. मला नको."

"का हो बाबा?"

"चालू मशीनला हार घालायचा नाही."